शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण महाराष्ट्रातल्या चुलीइतकीच जुनी असावी. भांड्यातला भात सर्वत्र सारखा शिजतो. म्हणून एक शीत बोटांनी चेपून पाहिले की साऱ्या भांड्याचा निकाल लागतो. धान्याच्या बाजारातही पिढ्यानपिढ्या हाच न्याय चालत आला आहे. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, जुना मोंढा घ्या, किंवा जाधववाडीचे आजचे बाजार आवार घ्या. व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, ते तळहातावर पसरतो, रंग न्याहाळतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो, मूठ नाकाशी नेतो आणि भाव सांगतो. डोळा, दात, नाक आणि हात ही त्याची चार मापे. ही मापे खोटी नव्हेत. त्यांच्या जोरावर कित्येक पिढ्यांनी सकस धान्य निवडले आणि किडके टाकले.

परंतु या चारही मापांना न सापडणारे एक विष धान्यात वास करते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसाला कळली. ती कशी कळली, ते विष मोजण्याची युक्ती कशी निघाली, आणि त्या युक्तीने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला व शहरातल्या दूध घेणाऱ्या घराला काय दिले आणि काय द्यावयाचे राहिले, याचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे.

बुरशीचे वैर जुन्या लोकांना ठाऊक नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. ज्वारीच्या मुलखात जमिनीत पेव खणून त्यात धान्य साठवीत. पेवात ओल शिरली की कडेच्या ज्वारीला आंबूस वास येई आणि तिची भाकरी कडवट लागे. पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस गुदमरून दगावतो, हा अनुभव असल्यामुळे जाणते लोक आधी आतली कोंडलेली हवा बाहेर जाऊ देत आणि मगच गडी आत उतरवीत. घरातली कणगी शेणाने सारवून घेत, धान्य उन्हात कडक वाळवीत आणि थरांमध्ये कडुनिंबाचा पाला घालीत. या सर्व उपायांचे मर्म एकच होते: दाण्याला ओल लागू द्यावयाची नाही. बुरशीला आमंत्रण मिळते ते ओलीचे. हे मर्म त्यांनी अचूक ओळखले होते. त्यामागचे रसायनशास्त्र तेवढे त्यांना अवगत नव्हते.

जेथे बुरशीचे विष डोळ्यांना दिसण्याजोगे रूप धारण करते, तेथे तर जुनी परीक्षा पुरेशीही ठरली. बाजरीवरचा अरगट हे याचे उत्तम उदाहरण होय. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ व दमट हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट पाझर सुटतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी तयार होतात. त्या दळणात गेल्या म्हणजे मळमळ, वांती, चक्कर आणि गुंगी हे विकार होतात. जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी साथ उद्भवली होती. टी. बी. पटेल, टी. जे. बोमन आणि यू. सी. दलाल यांनी तिचा वृत्तान्त १९५८ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. युरोपात मध्ययुगात राय नावाच्या धान्यावरील अरगटाने हातपाय झडून माणसे मरत. बाजरीच्या अरगटातील द्रव्ये निराळ्या जातीची असल्यामुळे येथला आजार बहुधा एकदोन दिवसांत ओसरतो. त्यावरचा उपायही घरगुती आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी सोडली की अरगटाच्या हलक्या गाठी वर तरंगतात. त्या काढून टाकाव्या आणि खालचे दाणे स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुऊन वाळवावे. पेरणीपूर्वी बियाण्यावर हीच प्रक्रिया करण्यास कृषिखाते आजही सांगते. विषाला स्वतंत्र देह असला म्हणजे त्याला चाळता येते, वेचता येते, पाण्यावर तरंगविता येते.

मानवाची पंचाईत झाली ती देह नसलेल्या विषापाशी. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्याच महिन्यांत मेले. कारण उमगेना म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ असे अज्ञातदर्शक नाव पडले. शोधांती असे निष्पन्न झाले की, मेलेल्या पक्ष्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने सोडलेले एक द्रव्य होते. बुरशीच्याच नावातील अक्षरे जुळवून त्याला अफ्लाटॉक्सिन ही संज्ञा देण्यात आली. अतिनील किरणांच्या दिव्याखाली त्याचे काही प्रकार निळे चमकत, काही हिरवे. म्हणून इंग्रजी रंगनामांच्या आद्याक्षरांवरून एका गटाला ‘बी’ व दुसऱ्याला ‘जी’ म्हणू लागले. यांपैकी बी-१ हा सर्वांत घातक होय. तो यकृतावर आघात करतो आणि अल्प मात्रेत दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग उत्पन्न करू शकतो. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. तव्यावरची आच त्याला पुरती पोचत नाही. त्यामुळे भाकरी भाजल्याने किंवा खिचडी शिजविल्याने त्याचे निर्मूलन होत नाही. बुरशी झटकून टाकली, दाणे धुतले, ऊन दिले, तरी तिने दाण्यात मुरविलेले विष मागे उरते.

मग ओळखावे कसे? आरंभी शास्त्रज्ञांनी बदकाची एक दिवसाची पिले वापरली. संशयित पेंडीचा अर्क त्यांना पाजावयाचा आणि पुढे त्यांच्या यकृताची तपासणी करावयाची. याच पिलांनी १९६३ साली आणखी एक अशुभ वार्ता दिली. आलक्रॉफ्ट आणि कार्नेगन या इंग्रज संशोधकांनी विषारी पेंड खाल्लेल्या गाईंचे दूध पिलांना पाजले, तेव्हा पिलांच्या यकृतात तीच विकृती उमटली. गाय विष पचविते खरी, पण त्याचा काही अंश रूप पालटून दुधात उतरतो. दुधातल्या या अवताराला पुढे ‘एम-१’ असे नाव मिळाले. ‘एम’ हे दुधाच्या इंग्रजी नावाचेच आद्याक्षर होय.

परदेशातील पक्ष्यांची ही कथा भारतात माणसांची होण्यास फार काळ लागला नाही. १९७४ च्या ऑक्टोबरात गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांत, प्रामुख्याने भिल्ल वस्तीच्या खेड्यांत, कावीळ व जलोदर यांची विचित्र साथ उसळली. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी १०६ दगावली. त्या घरांतले कुत्रेही मेले. माणसांना व कुत्र्यांना सामाईक असे एकच अन्न होते, आणि ते म्हणजे मका. अवकाळी पावसात भिजलेली कणसे नीट न वाळविता साठविली गेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी, भट, नागराजन आणि टिळक यांनी या साथीचा शोध घेऊन १९७५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात तो मांडला. बाधित घरांतल्या मक्यात एका किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. पुढे भारतात अन्नपदार्थांसाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा अनेक वर्षे प्रचारात होती. तिच्याशी ताडून पाहता हे प्रमाण दोनशे ते पाचशे पट भरते. ज्यांच्या घरी दुसरे धान्य नाही त्यांना बुरसट मका टाकून द्या म्हणून सांगणे सोपे नसते, ही गोष्ट या आकड्यांच्या मागे उभी आहे.

मराठवाड्यावर असा प्रसंग आला नाही. तथापि त्याच काळात येथल्या शेतीत एक मोठा पालट होत होता. जुन्या गावरान ज्वाऱ्या दिवसमान घटू लागले की फुलोऱ्यावर येत. पेरणी थोडी पुढेमागे झाली तरी त्यांचा दाणा भरावयाचा तो पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेत. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण भारतात प्रसृत झाले. ते सुमारे शंभर दिवसांत तयार होई आणि गावरान वाणाच्या कितीतरी पट पीक देई. १९७२ च्या भीषण दुष्काळात परदेशची मिलो खाऊन दिवस काढलेल्या प्रदेशाला भरघोस पिकाचे मोल कोणी निराळे सांगावयास नको होते. परंतु शंभर दिवसांत तयार होणारा दाणा ऐन परतीच्या पावसात सापडू लागला. भिजलेल्या कणसावर फ्युझारियम, कर्व्ह्युलारिया आदी बुरशी वाढल्या आणि मोत्यासारखी ज्वारी काळी पडू लागली. पावसाळा लांबला की ‘काळी ज्वारी’ हे शब्द मोंढ्यात, वर्तमानपत्रांत आणि मोर्च्यांत ऐकू येत. १९७२ सालीच स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने दाण्यावरील बुरशीस दाद न देणारे वाण शोधण्याचे काम हाती घेतले. ‘परभणी श्वेता’ हे वाण त्याच प्रयत्नांचे फळ होय.

येथे डोळ्याच्या न्यायातला दोष उघडा पडतो. काळी पडलेली ज्वारी विषारीच असते काय? पुष्कळदा ती तशी नसते. दाण्याला काळिमा आणणाऱ्या सगळ्याच बुरशी घातक विष करतात असे नाही, आणि अफ्लाटॉक्सिनचा विचार केला तर मका व भुईमूग यांच्या मानाने ज्वारी सहसा कमी दूषित आढळते. उलट, सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांत आता ज्याची शेतेच्या शेते दिसतात तो मका वरून पिवळाधमक असूनही आत बाधित असू शकतो. तात्पर्य, ज्याचा भाव रंगामुळे पडला तो शेतकरी कधी निरपराध असतो आणि ज्या मालाला रंगामुळे भाव चढला तो कधी अपराधी असतो. तरीसुद्धा काळी ज्वारी नेहमीच निरुपद्रवी असते असेही धरून चालता येत नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील २७ खेड्यांत अवकाळी पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब सुरू झाले. रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या धान्याची तपासणी केली, तेव्हा फ्युझारियम बुरशीचे फ्युमोनिसिन हे विष त्यात सापडले. सुदैवाने माणसे लवकर बरी झाली. दोषी आणि निर्दोष यांची निवड रंगाने होत नाही, मोजमापाने होते, हाच धडा त्यातून मिळतो.

मोजमापाने निर्दोषाची सुटका कशी होते, याचा एक दाखला महाराष्ट्राच्या वैद्यकात आहे. लहान मुलांचे यकृत कठीण होऊन त्यांचा अंत करणारा एक व्याधी भारतात घरोघरी भय उत्पन्न करीत असे. अफ्लाटॉक्सिनचा शोध लागल्यावर संशयाची सुई काही काळ त्याच्याकडे वळली. तथापि पुण्याचे बालरोगतज्ज्ञ भावे व पंडित यांनी टॅनर प्रभृती इंग्रज सहकाऱ्यांसह या मुलांच्या आहाराचा माग काढला. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत तापविलेले व ठेवलेले दूध तान्ह्या वयातच पाजल्याने यकृतात तांबे साठते, असे त्यांचे निदान १९८३ साली प्रसिद्ध झाले. स्वयंपाकघरांत पितळेची जागा स्टीलने घेतली आणि हा रोगही मागे हटत गेला. संशय कितीही सबळ वाटला तरी मापावाचून तो संशयच राहतो.

मात्र अफ्लाटॉक्सिनचे माप घेणे हे दीर्घकाळ श्रीमंत प्रयोगशाळांचेच काम होते. अर्क गाळावा, शुद्ध करावा, काचेच्या पट्टीवर चढवावा, अतिनील दिव्याखाली पाहावा, किंवा लाखो रुपयांच्या यंत्रातून काढावा. एकेका नमुन्याला बराच वेळ व बराच खर्च लागे. या अडचणीतून वाट निघाली ती अनपेक्षित दिशेने, प्राण्याच्या रक्तातून.

रोगजंतू शरीरात शिरला की रक्तात त्याला ओळखून धरणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. प्रत्येक प्रतिपिंड आपल्याच शत्रूला ओळखतो. कुलपाला एकच किल्ली लागावी तसे हे नाते आहे. या नात्याचा मोजमापासाठी उपयोग करण्याचा मान अमेरिकेतील रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांना जातो. त्यांनी १९५९-६० च्या सुमारास रक्तातले सूक्ष्म इन्सुलिन किरणोत्सर्गी खूण लावून मोजले. बर्सन १९७२ साली निवर्तले. यालोबाईंना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. किरणोत्सर्गी द्रव्य हाताळणे धोक्याचे आणि खर्चाचे. १९७१ साली स्टॉकहोमात एव्हा एंगवाल व पीटर पर्लमान यांनी, आणि स्वतंत्रपणे हॉलंडातील संशोधकांनी, त्या खुणेऐवजी रंग उत्पन्न करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, प्रतिपिंडाला किंवा मोजावयाच्या द्रव्याला जोडण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. हीच ती एलायझा चाचणी. पुढे रोगनिदानाच्या प्रयोगशाळांमुळे हे नाव शहरी घरांच्याही परिचयाचे झाले.

अफ्लाटॉक्सिनला हे शास्त्र लावताना एक अडचण होती. त्याचा कण इतका लहान आहे की शरीर त्याची दखलच घेत नाही. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होत नाहीत. लहान कण मोठ्या प्रथिनाला जोडून दिला तर शरीर त्यालाही ओळखू लागते, हे कार्ल लांडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले होते. त्याच वाटेने जाऊन १९७६-७७ मध्ये अफ्लाटॉक्सिन गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडण्यात आले, ते सशाला टोचण्यात आले आणि सशाच्या रक्तात हवे ते प्रतिपिंड मिळाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फुन चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात पुढाकार घेतला. १९८० साली पेस्तका, गौर आणि चू यांनी अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी एलायझा पद्धत सिद्ध केल्याचे प्रसिद्ध केले.

या चाचणीची रीत पंगतीच्या दृष्टान्ताने समजते. हाताच्या पंजापेक्षा थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या पाटीवर ९६ वाट्या असतात. वाटीच्या तळाशी अफ्लाटॉक्सिन आधीच चिकटवून ठेवलेले असते. हे पंगतीत बसलेले पाहुणे. धान्य दळून, मिथेनॉलमिश्रित पाण्यात ढवळून काढलेला अर्क वाटीत घालतात. त्यात विष असेल तर ते झाले आगंतुक पाहुणे. मग मोजके प्रतिपिंड सोडतात, ते वाढपी. आगंतुक पुष्कळ असले तर वाढपी त्यांच्यातच गुंततात आणि वाटी धुतली की त्यांच्यासह वाहून जातात. आगंतुक नसले तर सारे वाढपी बसलेल्या पंगतीपाशी टिकून राहतात. राहिलेल्या वाढप्यांना विकर जोडलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाकरवी रंगाची खूण करतात. म्हणून ज्या वाटीत गडद रंग येतो तो नमुना शुद्ध, आणि जी वाटी फिकी राहते तो नमुना दूषित. मोंढ्यातला न्याय येथे उलटा होतो. तेथे दाण्याचा काळिमा दोष ठरतो. येथे वाटीचा फिकेपणा दोष ठरतो. शिवाय रंगाची गडदता यंत्राने मोजता येत असल्यामुळे विष किती आहे, हेही सांगता येते.

हे शास्त्र मराठवाड्याच्या उंबरठ्याशी आणण्याचे श्रेय हैदराबादजवळील पाटणचेरू येथल्या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेला, म्हणजे इक्रिसॅटला, द्यावे लागेल. ज्वारी, बाजरी, भुईमूग, तूर आणि हरभरा या कोरडवाहू पिकांसाठी १९७२ साली ती स्थापन झाली. तेथे डी. व्ही. आर. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी तयार संच विकत घेण्याऐवजी सशांमध्ये प्रतिपिंड स्वतः तयार केले. त्यामुळे एका नमुन्याचा खर्च एखाद्या डॉलरच्या आसपास आला. फरीद वालियार यांच्या काळात हीच चाचणी आफ्रिकेतील मलावी देशात पोचली आणि तेथल्या लहान शेतकऱ्यांच्या संघाला भुईमूग पुन्हा युरोपात पाठविण्यास तिचे साहाय्य झाले. माप हाती असले म्हणजे गरीब शेतकऱ्यालाही आपल्या मालाची शुद्धता सिद्ध करता येते, याचे हे उदाहरण होय.

याच गटातील के. तिरुमला देवी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दुधातील एम-१ साठी एलायझा प्रसिद्ध केली. त्यांनी २८० दुधाचे नमुने तपासले. १४६ नमुन्यांत मिलिलिटरमागे अर्ध्या नॅनोग्रॅमहून कमी विष आढळले. उरलेल्या १३४ नमुन्यांत ते त्याहून अधिक होते आणि काहींत ४८ नॅनोग्रॅमपर्यंत पोचले होते. जास्त दूषित नमुने मुख्यत्वे शहरांलगतच्या वस्त्यांतले होते. यामागे एक उघड कारण संभवते. खेड्यातले जनावर बरेचसे चरून व कडबा खाऊन राहते. शहराशेजारच्या गोठ्यातले जनावर पेंडीवर पोसले जाते. मराठवाडा कापसाचा प्रदेश असल्यामुळे येथे सरकीची पेंड सर्वत्र मिळते, आणि सरकी व भुईमूग या दोहोंच्या पेंडी दमट गोदामात अफ्लाटॉक्सिनचे माहेर बनतात. माणसाच्या पानातून नाकारलेले बुरसट धान्य जनावरांच्या दावणीत जाते, ही आपल्याकडची जुनी काटकसर. पण नाकारलेले ते विष दुधाच्या पेल्यातून पुन्हा त्याच घरात, बहुधा घरातल्या सर्वांत लहान माणसापाशी, परत येते.

गाईच्या पोटात गेलेल्या बी-१ पैकी साधारणतः शंभरात एक ते दोन भाग एम-१ होऊन दुधात उतरतो. अधिक दूध देणाऱ्या जनावरांत तो आणखी वाढतो. दूषित खाद्य सुरू केल्यावर एका दिवसाच्या आत दुधात त्याचा माग लागतो आणि खाद्य बदलल्यावर काही दिवसांत तो नाहीसा होतो. दूध उकळून किंवा पाश्चरीकरण करून त्याचा नाश होत नाही. पनीर केले तर प्रथिनाबरोबर तो त्यात अधिक दाटतो. म्हणजे चुलीपाशी काहीच करता येत नाही. जे करावयाचे ते गोठ्यातच करावे लागते.

भारतात दुधातील एम-१ ची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. एक ग्रॅम विष वीस लाख लिटर दुधात मिसळावे, इतके हे सूक्ष्म प्रमाण. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभर पाहणी करून १,१०३ गावाशहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. तिचा अहवाल २०१९ च्या ऑक्टोबरात जाहीर झाला. त्यात घातक भेसळीचे नमुने निघाले अवघे १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेहून अधिक असलेले नमुने मात्र ३६८ निघाले, म्हणजे शंभरात पावणेसहा. सुट्या दुधापेक्षा पिशवीतल्या प्रक्रिया केलेल्या दुधात हा दोष अधिक दिसला. सुशिक्षित गृहिणी गवळ्याच्या दुधात युरिया आणि साबण यांचा संशय घेत आली. परंतु गवळ्याच्या हातून नव्हे, तर दावणीतून येणारे विष संख्येने कितीतरी अधिक निघाले, आणि विश्वासाने घेतलेल्या पिशवीत ते जास्त निघाले. पिशवीत शेकडो गोठ्यांचे दूध एकत्र होते; एका गोठ्यातली बुरसट पेंड कोणाच्या नजरेस पडावी?

आता मूळ म्हणीकडे वळणे प्राप्त आहे. दूध एकजीव असते. घोळून घेतलेला एक चमचा साऱ्या टाकीची साक्ष देतो. धान्याचे तसे नाही. मक्याच्या ढिगात हजारो दाणे निर्मळ असतात आणि एखाद्याच दाण्यात साऱ्या ढिगाला पुरेल एवढे विष असू शकते. तो दाणा नमुन्यात आला तर निकाल वाईट, न आला तर चांगला. म्हणून धान्याची परीक्षा करताना ढिगाच्या अनेक जागांतून बरेच किलो दाणे घ्यावे लागतात, ते एकत्र दळावे लागतात आणि मगच त्या पिठातला अल्प भाग वाटीत जातो. येथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. आधी सारा भात घोटावा लागतो. उत्कृष्ट एलायझा संच हाती असूनही मूठभर दाण्यांवरून निकाल दिला तर शास्त्राच्या नावाने जुनाच अंदाज दिल्यासारखे होते.

परीक्षेची साधने आता पुष्कळ सुटसुटीत झाली आहेत. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीसारखी कागदी पट्टी अर्कात बुडवून काही मिनिटांत निकाल देते. दोन डॉलरहून कमी खर्चाचा, शेतावर नेता येण्यासारखा असा संच इक्रिसॅटनेच २०१६ साली पुढे आणला. बड्या दूधसंस्था आणि निर्यातदार अशा चाचण्या वापरतात, कारण परदेशच्या खरेदीदाराला कागद दाखवावा लागतो. युरोपात दुधातल्या एम-१ ची मर्यादा भारताच्या एकदशांश आहे. तेथे माल परत येण्याची भीती असते. देशातल्या घरापाशी मात्र असा कडक खरेदीदार क्वचितच उभा असतो.

१९६० पासूनच्या या वाटचालीत बदकाच्या पिलाची जागा सशाच्या प्रतिपिंडाने घेतली, आठवड्यांची जागा मिनिटांनी घेतली आणि लाखांची जागा शेकड्यांनी घेतली. ज्या परीक्षेला एके काळी परदेशी प्रयोगशाळा लागे, ती आज तालुक्याच्या बाजार समितीत एका टेबलावर होऊ शकते. पावसात भिजलेली ज्वारी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ती निर्दोष असल्याचा दाखला मिळू शकतो आणि पिवळ्याधमक मक्यातले विष दावणीत जाण्यापूर्वी अडविता येऊ शकते. दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश मोजून भाव देण्याची रीत आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. गवळ्यालाही ती न्याय्य वाटते, कारण माप दोघांच्या समोर होते. पेंडीच्या पोत्याला आणि मोंढ्यातल्या ढिगाला तसेच उघड माप लाभले, तर गवळी, व्यापारी आणि गिऱ्हाईक यांपैकी कोणालाही दुसऱ्याचा संशय घ्यावा लागणार नाही.

तोवर घरच्या हाती जे आहे ते जुनेच आहे. धान्य व शेंगा कडक वाळवाव्या, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी ठेवाव्या, बुरसटलेले माणसालाही घालू नये आणि जनावरालाही घालू नये. पहिल्या तीन गोष्टी आजीबाईंना ठाऊक होत्या. चौथी तेवढी नवी आहे, आणि ती शिकविण्यासाठी बदकाच्या पिलांपासून पंचमहालच्या झोपड्यांपर्यंत पुष्कळ जीवांनी किंमत दिली आहे.